कानाचा भरवसा

आमच्या बैठकीतील काचेच्या कपाटात, ज्ञानेश्वरीच्या शेजारी, हातभर लांबीची एक मोटार ठेवलेली आहे. आलेला पाहुणा कौतुकाने विचारतो, "नातवाची वाटतं?" "नाही, माझी," असे मी म्हणताच तो माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहतो आणि हवापाण्याच्या गोष्टी काढतो. सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाने, त्यातही मराठी घेऊन एम.ए. झालेल्याने, असल्या वस्तूत जीव गुंतवावा हे लोकांना चमत्कारिक वाटते. सुरुवातीस मलाही वाटे.

ही मोटार २०१३ साली घरात आली. चिरंजीव तेव्हा येथेच, इंदूरला, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होते. वरच्या वर्गातील एका विद्यार्थ्याकडून त्यांनी ती जुनी म्हणून स्वस्तात घेतली. दूरनियंत्रकावर चालणारी, परंतु सेलवर नव्हे, आत ३.५ सीसीचे खरेखुरे इंजिन. इंधन म्हणजे मेथॅनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचे मिश्रण. मेथॅनॉल पोटात गेले तर डोळे जातात, प्राणही जातात. म्हणून ती बाटली सौभाग्यवतींनी घरात येऊच दिली नाही. तिची जागा जिन्याखालच्या कुलपाच्या पेटीत.

या इंजिनात पेट्रोलच्या गाडीसारखी ठिणगी पडत नाही. माथ्यावर प्लॅटिनमयुक्त तारेचे एक बारीक वेटोळे असते. सुरुवातीस सुमारे दीड व्होल्टच्या सेलने ते लाल करायचे आणि दोरी ओढायची. इंजिन एकदा धरले, की सेल काढून घेतला तरी दाबाच्या उष्णतेने आणि मेथॅनॉल-प्लॅटिनमच्या परस्परक्रियेने ती तार आपली आपण तेवत राहते. नंदादीपच म्हणा ना! मग मिनिटाला तीस हजारांच्या घरात फेरे, निळसर धूर आणि गल्लीतील कुत्री भुंकायला लावणारी किंकाळी.

खरी विद्या होती ती सुईची. कार्ब्युरेटरवर एक लहानसा स्क्रू असतो. तो सैल केला की इंधन जास्त जाते, इंजिन जड, घोगऱ्या आवाजात चालते. आवळला की आवाज चढतो, वेग वाढतो. पण जास्त आवळला तर घात. वंगणाचे तेल इंधनातच मिसळलेले असल्यामुळे इंधन कमी म्हणजे तेलही कमी. इंजिन तापते आणि दट्ट्या नळीला घासतो. स्क्रू एका फेऱ्याच्या आठव्या हिश्शाने फिरवायचा आणि कान द्यायचा. चिरंजीवांना ते जमेना, मला जमले. वृत्तात एक मात्रा कमी पडली तरी ज्याला खटकते, त्याला इंजिनाचा सूर का कळू नये? रविवारी सकाळी राजेंद्रनगरच्या पलीकडील माळावर ते गाडी पळवीत आणि मी सुई लावी. "बाबा, तुमचा कान म्हणजे कान आहे," असे ते म्हणत, तेव्हा मला विद्यापीठाच्या पदवीहून अधिक समाधान होई.

२०१८ मध्ये चिरंजीव नोकरीसाठी पुण्याला गेले. गाडी मी सांभाळली. असे इंजिन पडून राहिले तर आतले तेल चिकटून दट्ट्या जखडतो, उरलेले इंधन ओलावा धरते. म्हणून महिन्यातून एकदा ती फिरवायची, टाकी रिकामी करायची आणि इंजिनात तेलाचे चार थेंब सोडायचे, हा माझा नेम झाला. दर रविवारच्या फोनवर पहिला प्रश्न असे, "गाडी काय म्हणते?" बापलेकांना बोलायला एवढा विषय पुरे.

गेल्या वर्षी पावसाळा संपल्यावर मी गाडी माळावर नेली. आवाज मला बोदा वाटला. सुई थोडी आवळली, तरी बोदाच. आणखी थोडी आवळली. शेजारी उभा असलेला एक पोरगा म्हणाला, "अंकल, बहुत तेज आवाज आ रही है।" मी हसून मान हलविली. दोन मिनिटांत गाडी जागच्या जागी थांबली, ती कायमची.

फोनवर मी सांगितले, "झकास चालली आहे." आयुष्यभर मुलांना खरे बोलायला शिकविणाऱ्या माणसाचे हे वाक्य.

दिवाळीत मुलगा आला आणि त्याने इंजिन खोलले. नळीवर उभे ओरखडे होते. त्याने ते मला दाखविले नाहीत, नुसते विचारले, "बाबा, सुई किती आवळली होतीत?" मी म्हणालो, "नेहमीइतकीच." त्याने पुढे काही विचारले नाही. पाडव्याला मात्र एक नवे खोके माझ्यापुढे ठेवले. आत विजेवरची गाडी.

मला ते लागले. वाटले, निवृत्तीला अजून अवकाश आहे, तोच यांनी मला निवृत्त केले. "विजेची गाडी म्हणजे पोरखेळ," मी म्हणालो. तो शांतपणे म्हणाला, "बाबा, १८९९ साली माणसाने रस्त्यावर ताशी शंभर किलोमीटरचा वेग पहिल्यांदा ओलांडला, तो विजेच्या मोटारीतून. आणि जपानच्या तामिया कंपनीची पहिली रेडिओ-गाडी, १९७६ची पोर्शे, तीही विजेवरच होती."

नव्या गाडीत सुई नाही, धूर नाही, दोरी नाही. हिच्या मोटारीत घासणारे ब्रशही नाहीत. पण लिथियम पॉलिमर बॅटरीचे सोवळे मात्र कडक. एकेक घट ४.२ व्होल्टपर्यंतच भरायचा. तीनच्या खाली उतरू द्यायचा नाही. ठेवून द्यायचा असेल तर ३.८ वर ठेवायचा. आणि मुख्य नियम असा, की चार्ज होत असताना तिला एकटी सोडून उठायचे नाही. बिघडली तर पेट घेते.

म्हणून आम्ही दोघे गच्चीवर तासभर तिच्याशेजारी बसलो. इतक्या वर्षांत असे बसलोच नव्हतो. माळावर इंजिनाच्या गर्जनेत बोलणे शक्य नसे, आणि घरी आल्यावर इंजिनाचीच साफसफाई.

काही वेळाने तो म्हणाला, "बाबा, इंजिनाचा आवाज तुम्हाला नीट ऐकू आला नाही ना?"

मी गप्प.

"फोनवर मी काही विचारलं की तुम्ही नुसतं 'हो हो' म्हणता. परवा मी विचारलं, आईचा गुडघा कसा आहे? तुम्ही म्हणालात, हो."

मला एकदम आठवला तो नववीच्या वर्गातील शेवटच्या बाकावरचा मुलगा. "उत्तर का देत नाहीस?" म्हणून मी त्याला तासभर उभे केले होते. सारा वर्ग माझ्याकडे विचित्र नजरेने पाहत होता. त्याने उत्तर दिले होते, हे मला त्या गच्चीवर कळले. कानाच्या भरवशावर मी इंजिन जाळले त्याचे दुःख नाही; पण त्या पोराचा एक तास मी कसा परत करणार?

दिवाळीनंतर तपासणी केली. वयोमानाने वरच्या पट्टीतील आवाज आधी जातात, असे डॉक्टर म्हणाले. नेमका सुईचा सूर तिथलाच. आता कानात यंत्र आहे. त्याचीही बॅटरी रोज चार्ज करावी लागते. शाळा उघडल्यावर त्या मुलाला मी वर्गासमोर सांगितले, "चूक माझी होती." तो लाजून हसला आणि काहीतरी पुटपुटला. मी म्हणालो, "पुन्हा सांग, मला ऐकू आलं नाही." हे वाक्य उच्चारायला मला दोन वर्षे लागली होती.

रविवारी मी विजेची गाडी माळावर नेतो. खडीवरून चाके सरसरतात ते ऐकू येते, टिटवी ओरडते तेही येते. धुराच्या त्या वासाची आठवण येते, नाही असे नाही. जुन्या इंजिनात तेलाचे चार थेंब अजून सोडतो. ते आता चालायचे नाही हे ठाऊक असूनही. फोनवर मुलगा विचारतो, "गाडी काय म्हणते?"

मी म्हणतो, "गाडी काही म्हणत नाही रे. तू काय म्हणतोस ते सांग."