पांढरा कुठून घ्यायचा?

आमच्या सांगलीच्या घरी धुण्याची शेवटची बादली निळीची असे. आई फडक्यात नीळ बांधून ती पाण्यात हलकेच फिरवायची, बोटाच्या पेरावर पाण्याचा रंग बघायची आणि मगच वडिलांचे सदरे त्यात बुडवायची. जुन्या सुती कापडावर पिवळटपणा चढतो. त्यात बेताचा निळा मिसळला की डोळ्यांना ते पांढरं दिसतं, निळा जास्त झाला तर सदरा वाया. डिजिटल फोटोतला व्हाइट बॅलन्स कुणी विचारला, तर मी आजही हीच बादली सांगते. फोटो पिवळा मारत असेल तर निळा वाढवायचा, निळा मारत असेल तर पिवळा. आणि केव्हा थांबायचं ते कळलं पाहिजे.

उजेडाला रंग असतो हे एरवी आपल्या ध्यानात येत नाही, कारण डोळा आणि मेंदू मिळून तो वजा करतात. पिवळ्या बल्बखाली वाचताना वहीचा कागद आपल्याला पांढराच दिसतो. कॅमेऱ्याला ते आपसूक जमत नाही. उजेडाचा हा रंग केल्विनमध्ये मोजतात. मेणबत्ती 1900 च्या आसपास, घरातला जुना बल्ब 2700 ते 3000, दुपारचं ऊन 5500 च्या जवळ आणि निरभ्र आभाळाखालची सावली 7000 च्या पुढे. आकडा चढतो तसा उजेड निळा होत जातो. रोलच्या काळात ही निवड फिल्म बनवतानाच होऊन जायची. नेहमीचा रोल उन्हासाठी बनवलेला, त्यामुळे बल्बच्या उजेडात माणसं नारिंगी यायची आणि ट्यूबलाइटखाली हिरवी. त्या काळातला लग्नाचा अल्बम उघडून बघा. फ्लॅश पोचला तिथपर्यंत नवरा-नवरी ठीक, मागची मंडळी मात्र व्हिडिओवाल्याच्या हॅलोजनने पिवळीधमक.

मी कलर लॅबमध्ये कामाला लागले तेव्हा हे दुरुस्त करणं हेच माझं काम होतं. निगेटिव्ह पडद्यावर बघायची आणि यलो, मॅजेंटा, सायन, डेन्सिटी यांचे पॉइंट द्यायचे. एखादा पॉइंट मॅजेंटा इकडचा तिकडे झाला तरी चेहरा आजारी दिसायचा. त्याच सुमारास स्थळांना पाठवायचा माझा फोटो एका स्टुडिओत काढला गेला. प्रिंट हातात आली आणि ते कसं केलंय हे मला लगेच कळलं. डेन्सिटी उतरवून मला उजळ केलं होतं. माझ्या साडीचा गर्द जांभळा काठ त्यात फिका पडला होता. मी सावळी आहे आणि त्या फोटोतली बाई मी नव्हते. घरात सगळ्यांना फोटो फार आवडला, याचं मला आजही वाईट वाटतं.

हे एका स्टुडिओपुरतं नव्हतं. रंगांची यंत्रं जुळवण्यासाठी कोडॅककडून जी नमुना-छायाचित्रं जात, त्यांना ‘शर्ली कार्ड’ म्हणत, आणि त्यावर कित्येक वर्षं गोरी बाईच असे. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र असलेलं कार्ड यायला 1990 चं दशक उजाडलं.

डिजिटल कॅमेऱ्याने ही चावी फोटो काढणाऱ्याच्याच हातात दिली. सॉफ्टवेअरमध्ये दोन पट्ट्या असतात, एक निळा-पिवळा आणि दुसरी हिरवा-मॅजेंटा. शिवाय एक ड्रॉपर. चित्रातल्या पांढऱ्या किंवा राखाडी जागेवर तो टेकवला की बाकीचे रंग त्या हिशेबाने सरकतात. फोटो रॉमध्ये काढला असेल तर हा निर्णय नंतर कितीही वेळा बदलता येतो. जेपेगमध्ये कॅमेऱ्याने तो आधीच घेऊन टाकलेला असतो आणि मागे फिरायला जागा थोडी उरते.

खरी कसोटी हळदीला लागते. अंगणात पिवळ्या कापडाचा मांडव, त्यातून गाळून आलेलं ऊन, नवरीची पिवळी साडी, गालाला हळद. ऑटोवर ठेवलेला कॅमेरा हा सगळा पिवळा उजेडाचाच समजतो आणि चित्र निळ्याकडे ओढतो. हळद चंदनासारखी फिकी होते, नवरीचे ओठ करडे दिसतात. मग ड्रॉपर कुठे टेकवायचा? समोर मामांचा शुभ्र सदरा असतो, पण त्यावर विसंबू नये. त्यात नीळ नाहीतर राणीपाल असतो, उन्हात तो निळसर चमकतो, आणि त्यालाच पांढरं मानलं की सगळं चित्र पिवळ्याकडे कलतं. मी एखाद्या करवलीच्या हातात ग्रे कार्ड देते, नवरीशेजारी उभी करते आणि एक फ्रेम घेते. मांडवातून अंगणाच्या मोकळ्या भागात गेलो की पुन्हा एक. करवल्यांना त्यात मजा वाटते.

सगळाच उजेड दुरुस्त करू नये, असंही माझं ठाम मत आहे. पणतीच्या उजेडातला चेहरा पांढराफटक केला तर पणती लावली कशाला? 2015 मध्ये मरीन ड्राइव्हवरचे पिवळे सोडियम दिवे काढून पांढरे एलईडी लावले, तेव्हा मुंबईकरांनी कुरकुर केली ती बरोबरच होती. मात्र सोडियम दिव्याखाली काढलेल्या फोटोतून साडीचा निळा शोधू नये. त्या उजेडात निळा जवळजवळ नसतोच, आणि जे कॅमेऱ्यात आलंच नाही ते कुठलीही पट्टी सरकवून परत येत नाही.

लग्नाचे फोटो काढणाऱ्या नव्या मुलामुलींना माझं कळकळीचं सांगणं आहे. रॉमध्ये काढा. उजेड बदलला की कार्डाची एक फ्रेम घ्या. पांढरा त्या कार्डावरून घ्या, नवरीच्या चेहऱ्यावरून नको. आणि ‘जरा उजळ करा’ असं घरच्यांनी सांगितलं, तर आधी नवरीला विचारा.