मिसिसिपीच्या कांठचे शिंपले

अमेरिकेंत आयोवा प्रांतीं मिसिसिपी नदीच्या एका वळणावर मस्कटीन नांवाचें टुमदार गांव आहे. चिरंजीवांच्या बिऱ्हाडीं गेलों असतां तें पाहण्याचा योग आम्हांस आला. नदीकांठीं शिंपले काढणाऱ्या एका श्रमिकाचा पुतळा उभा आहे, व गांवांतील संग्रहालयांत वाटोळीं भोकें पाडलेले शिंपले मांडले आहेत. हीं भोकें कशाचीं, असें वाचक विचारतील. तीं सदऱ्याच्या बटणांचीं होत!

जॉन बेपल नांवाच्या जर्मन कारागिरानें १८९१ सालीं येथें नदींतील शिंपल्यांचीं बटणें कातण्यास आरंभ केला. धंद्यास अशी बरकत आली कीं, १९०५ च्या सुमारास हें एवढेंसें गांव वर्षाकाठीं सुमारें दीडशें कोटी बटणें करूं लागलें. वेदान्तांत शुक्तिरजताचा दृष्टान्त प्रसिद्धच आहे. शिंपेच्या ठायीं रुप्याचा भास होतो. येथें तर शिंपेचें खरोखरच रुपें झालें. तिच्यांतील जीव मात्र कोणास दिसला नाहीं. शिंपल्यांचे थरच्या थर उपसले गेले.

तेव्हां सरकारनें जवळच फेअरपोर्ट येथें संशोधनकेंद्र काढून शिंपल्यांची पैदास आरंभिली. खुद्द बेपल उत्तरवयांत त्याच कामास लागला, आणि शिंपल्यानें पाय कापून झालेल्या जखमेनें १९१२ सालीं वारला.

ही पैदास सोपी नव्हे. शिंपल्याचें पिलूं माशाच्या कल्ल्यास चिकटून कांहीं आठवडे काढतें, आणि मग गळून तळाच्या वाळूंत रुजतें. कित्येक माद्या आपल्या मांसाची झालर माशासारखी हालवून खऱ्या माशास भुलवितात. तो तोंड घालतांच पिलें त्याच्या कल्ल्यांत शिरतात. प्रत्येक जातीचे आश्रयदाते मासे ठरलेले. ते गेले कीं वंश खुंटला.

पुढें प्लॅस्टिकचीं बटणें आलीं व कारखाने बसले. तथापि शिंपल्यांचें दैव उघडलें नाहीं. बंधारे, गाळ, दूषित पाणी, आणि शेवटीं परदेशांतून जहाजांबरोबर आलेले पट्टेरी शिंपले! हे तर देशी शिंपल्यांवरच थर करून त्यांस गुदमरवितात. ‘हिगिन्स आय’ ही जात १९७६ सालीं विनाशोन्मुख म्हणून जाहीर झाली. विस्कॉन्सिन प्रांतांत जिनोआ येथील सरकारी मत्स्यकेंद्रांत तिचीं पिलें माशांच्या कल्ल्यांवर चढवितात. ते मासे पिंजऱ्यांत घालून नदींत ठेवितात, व गळालेले शिंपले वाढले कीं तळाशीं सोडतात.

शिंपला पाणी गाळून आपलें अन्न मिळवितो; नदी निर्मळ राखण्यास त्याचा हातभार लागतो. आपल्या कृष्णा-गोदावरींतही शिंपले आहेत, आणि त्यांचींही पिलें माशांच्याच आश्रयानें वाढतात. शिंपले दशकानुदशकें जगतात. आज सोडलेल्यांचा वंश फोफावलेला पाहणें सोडणाऱ्यांच्या नशिबीं असेलच असें नाहीं. आजोबांनीं आंबा लावावा व नातवंडांनीं खावा, ही रीत आपल्या घराण्यांस नवी नव्हे. ती त्या परक्या नदीच्या तळाशींही पाळली जात आहे, हें पाहून आम्हांस समाधान वाटलें.