स्वारीचं बिनसलंय

तात्यांच्या बुलेटला घरात कुणी गाडी म्हणत नाही. 'स्वारी बाहेर काढलीय', 'स्वारीला आज उन्हात ठेवू नका' अशीच भाषा. १९७६ सालची ही स्वारी. लोक साडेतीनशे सीसी म्हणतात, पण खरं माप ३४६. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९०. अशा उंच बांध्याच्या इंजिनाला पळायची घाई नसते, पण घाट चढताना ते पटकन हार मानत नाही. पुस्तकात अठरा घोड्यांची ताकद लिहिलीय. त्यातले आज तबेल्यात किती उरलेत, ते तात्यांना विचारायचं नाही.

घराणं इंग्लंडमधल्या रेडिचचं. आपल्या लष्कराला सरहद्दीवर फिरायला दणकट मोटरसायकल हवी होती, त्या निमित्तानं पाहुणी म्हणून आली. १९५५ साली मद्रासमध्ये कंपनी उभी राहिली, आणि पुढे तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात ती इथलीच झाली. रेडिचचा कारखाना १९६७ साली बंद पडला. माहेरची चूल विझली तरी सासरची पेटती राहिली, अशातली गत.

माहेरच्या सवयी मात्र सोडल्या नाहीत. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या. पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. आजकालचा मुलगा मोठ्या हौसेनं बसतो आणि पहिल्याच गतिरोधकावर ब्रेक समजून गिअर दाबतो. सुरू करायचं म्हटलं तर बटण नाहीच, किक. आणि तीही कशीही मारलेली चालत नाही. चावी फिरवायची, अँपिअरच्या काट्यावर नजर ठेवून किक हळूहळू दाबत जायची, काटा मध्यावर आला आणि पायाला पिस्टनचा विरोध लागला की डाव्या हाताचा डिकॉम्प्रेशनचा खटका ओढून पिस्टन तेवढा माथ्यापलीकडे सरकवायचा. मग खटका सोडून, किक वर घेऊन, पूर्ण वजनानं एकच. हे सगळं न करता कुणी रागारागात लाथा घातल्या तर ती किक उलटी मारते आणि पोटरीवर आठवण ठेवते. माझ्या मते हा तिचा उद्धटपणा नाही. आधी चौकशी करा, मग कामाला लावा, एवढंच तिचं म्हणणं.

दिवाळीनंतर स्वारीचं बिनसलं. थंड असताना इतकी गुणी, की कुणाला सांगून खरं वाटू नये. पहिल्या किकला सुरू, स्लोला शांत. पण इंजिन नीट तापलं की रस्त्यात मिस मारायला लागायची. रेस दिली की दम खायची, सोडली की सायलेन्सरमधून बार काढायची. दहा-पंधरा मिनिटं सावलीत उभी केली की पुन्हा काही झालंच नव्हतं असा चेहरा.

आजारी माणसाच्या उशाशी येणारा प्रत्येक जण औषध सांगून जातो. इथे सगळ्यांचं औषध एकच निघालं: कार्बोरेटर. शेजारच्या पाटीलकाकांपासून वर्तमानपत्र टाकणाऱ्या पोरापर्यंत सगळ्यांचं एकमत. कार्बोरेटर हा फार सोयीचा आरोपी आहे. बाहेर दिसतो, त्याला दोन स्क्रू असतात, आणि ते फिरवले की आवाजात काहीतरी फरक पडतोच. फरक पडला म्हणजे रोग सापडला, असं वाटायला तेवढं पुरतं. त्या दोन स्क्रूंनी जितक्या चांगल्या गाड्या बिघडवल्या असतील, तितक्या पावसानं बिघडवल्या नसतील.

मिरजेचे मिस्त्री जुने. त्यांनी पाना उचललाच नाही. काय झालंय हेही विचारलं नाही. विचारलं ते वेगळंच. "कवा बिघडती, तात्या? चढाला? का तापल्यावर? का भरधाव असताना?"

"तापल्यावर."

मग ते स्वतः चक्कर मारून आले. परतताना ती अडखळायला लागली तसं त्यांनी चालत्या गाडीवरच टाकीचं झाकण सैल केलं. झाकणाचं बारीक भोक बुजलं असलं तर टाकीत हवा शिरत नाही, पेट्रोल खाली उतरायचं थांबतं आणि गाडी अशीच दम तोडते. झाकण उघडताच 'फुस्स' होतं आणि इंजिन सावरतं. इथे फुस्सही झालं नाही आणि सावरणंही नाही. पेट्रोल निर्दोष सुटलं.

प्लग काढला तर काळा, कोरडा, काजळी धरलेला. पाटीलकाका सोबत आलेच होते. ते म्हणाले, "बघा! पेट्रोल जास्त जातंय. कार्बोरेटरच." मिस्त्रींनी प्लग फडक्यात धरून उजेडाकडे फिरवला. "काळा हाय, खरं. पर करंटच अशक्त असला तर आलेलं पेट्रोल जळनार कशानं? तरीबी प्लग काळाच व्हनार."

या इंजिनाच्या स्वभावातली खोच इथे आहे. ते कधी खोटं बोलत नाही, फक्त दुखतं एका जागी आणि कण्हतं दुसऱ्या. करंटचा आजार असला की पेट्रोलच्या तोंडानं तक्रार करतं. व्हॉल्व्ह घट्ट झालेला असतो, तेव्हा लोक बॅटरी बदलत बसतात.

दिवेलागणीला मिस्त्रींनी गॅरेजमधला दिवा मालवायला सांगितला. गरम इंजिन सुरू ठेवून उजव्या अंगाचं पॉइंटचं झाकण काढलं. अंधारात पॉइंटच्या फटीत निळी-पांढरी ठिणगी थडथडत होती, आणि चांगली जाड. तिथे ती जेमतेम दिसायला हवी. इंजिन बंद करून त्यांनी पॉइंट काढून तळहातावर घेतला: एका बाजूला खड्डा पडलेला, समोरच्या बाजूला त्याच मापाचा उंचवटा. इकडचा धातू तिकडे जाऊन बसला होता.

"कंडेन्सर मेलाय."

बोटाच्या पेराएवढी पत्र्याची नळी, एक वायर, एक स्क्रू. आत सुमारे ०.२ मायक्रोफॅरडचा साठा, बस. पॉइंट उघडताना कॉइलमधला प्रवाह त्या फटीतून उडी मारायला बघतो. त्या क्षणी त्याला पोटात घ्यायचं काम या नळीचं. ते झालं की प्रवाह झटक्यात तुटतो, आणि सहा व्होल्टांवर चालणाऱ्या या संसारात प्लगपाशी हजारो व्होल्टांचा दाब उभा राहतो. नाही झालं, तर प्लगवर पडायचा जाळ पॉइंटवरच पडतो. मिनिटाला तीन हजार फेऱ्या म्हणजे सेकंदाला पंचवीस ठिणग्या. एवढ्या वेळा ही नळी मध्ये पडते. म्हातारी झाली की थंड असताना निभावून नेते आणि तापली की हात टेकते.

बाजारातून नवा कंडेन्सर आणला, लावला. गाडी तापल्यावर तोही गेला. अलीकडे हे नवलाचं राहिलं नाही. मिस्त्रींनी फळीवरच्या बरणीतून एक जुना, डाग पडलेला काढला. मग पॉइंटची तोंडं घासून सपाट केली, फीलर गेजनं ०.३५ ते ०.४० मिलिमीटरच्या मध्ये फट ठेवली, आणि त्यानंतरच टायमिंगला हात घातला. फट बदलली की टायमिंग सरकतं, म्हणून क्रम उलटा चालत नाही. पिस्टन माथ्याच्या ०.८ मिलिमीटर अलीकडे उभा केला आणि पॉइंटमध्ये सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद अडकवला. पॉइंटची बैठक केसभर फिरवत राहिले. कागद पकडलेला होता तो एका जागी अलगद निसटला. तिथे स्क्रू आवळला. इंजिन पुरतं निवल्यावर टॅपेटही बघितले: सळी दोन बोटांत गरागरा फिरते, पण वरखाली हलत नाही. कार्बोरेटरला शेवटपर्यंत कुणी शिवलं नाही. पाटीलकाकांना ते आवडलं नसावं.

खाण्याची एक तक्रार मात्र उरलीय, आणि तिला मिस्त्रींकडे इलाज नाही. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडतं. ते पाणी ओढतं, जुन्या रबराला फुगवतं. आमच्या उसाच्या पट्ट्यात याबद्दल बोलायची पंचाईत. तात्यांचाच ऊस कारखान्याला जातो. बिल मिळालं की ते खूश असतात आणि टाकी भरली की कुरकुरतात. गाडी बरेच दिवस उभी राहणार असली तर पेट्रोल कॉक बंद करून कार्बोरेटरची वाटी रिकामी करायची, एवढी पथ्यं पाळतात.

बरणीतला कंडेन्सर उत्तम चाललाय. तात्या म्हणाले, दोन नवे घेऊन सीटखाली ठेवतो, रस्त्यात कामाला येतील. मिस्त्री हसले. "कोरा सीटखाली ठिऊन काय उपेग? त्यो आधी गाडीला लावा, तापवा चांगला. टिकला तर काढून डबीत ठिवा आन् आत्ताचा परत बसवा."

सध्या ती परीक्षा चालू आहे. पहिला उमेदवार अंकलीच्या पुलाआधीच नापास झाला. दुसरा जयसिंगपूरला जाऊन आलाय. पौर्णिमेला त्याला नरसोबाच्या वाडीपर्यंत न्यायचं ठरलंय, आणि पाटीलकाकाही मागे बसून येणार आहेत.