वळू आधी की वासरू

तिसरीतल्या भाचीच्या वहीत पाच शब्द होते: बैल, वळू, कालवड, वासरू, गाय. अकारविल्ह्याने लावा. तिने लावले: कालवड, गाय, बैल, वासरू, वळू. शेवटच्या जोडीवर लाल फुली.

"आदी वासरू ऱ्हातंय की मामा, मग त्याचा वळू होतोय," ती म्हणाली.

गावाचं नावच जिथे गुरांच्या जातीला लागलंय त्या देवणीत या उत्तरावर फुली मारणं माझ्या जिवावर आलं असतं. कालवडीची गाय होते आणि क ग च्या आधी येतो. तिथवर कोश आणि गोठा एकमताने चालतात. व पाशी बिनसतं. पहिलं अक्षर सारखं असलं की बिनकान्याचं आधी, मग काना, मग वेलांट्या. बाराखडी घोकून घेणाऱ्या मास्तरांची हल्ली टिंगल होते, पण इथे तीच कामाला येते. क ते म हा क्रम तर पोरांना तोंडातच दाखवता येतो: क घशात, त दातांशी, प ओठांवर.

माझे आजोबा निजामाच्या राज्यात शिकले. तेव्हा उदगीर तालुका बीदर जिल्ह्यात होता आणि कचेरीची भाषा उर्दू. १७ सप्टेंबर १९४८ ला राज्य गेलं, आजोबांची वही मात्र उजवीकडूनच उघडत राहिली. बी-बियाणं, उसनवारी, कुणाचा बैल किती दिवस नेला, सगळं त्यात. आणि माणसं अलिफ, बे, पे अशी लावलेली. बळीराम सुरुवातीलाच, पांडुरंग त्याच्या पाठोपाठ. आपल्याकडे तिसऱ्या व्यंजनालाच हजर होणारा गणपती तिथे पार मागे, गाफच्या पानावर. घरात कुणाला काही सापडायचं नाही. आजी म्हणायची, "ह्यांच्या वहीत देवसुद्धा उलट्या पायानं येतोय." आजोबा गेल्यावर एकजण उसने पैसे फेडायला आला, किती ते त्यालाही नीट आठवेना. शेवटी उदगीरच्या एका उर्दू शिक्षकांकडून वही वाचून घेतली. ते वाचता वाचता हसायला लागले. आजोबांनी त्या माणसापुढे रक्कम लिहिलीच नव्हती, नुसतं "भला आदमी" लिहिलं होतं. तो म्हणाला तेवढे पैसे घेतले.

भाचीचे पाच शब्द मी परवा आजोबांच्या वहीतल्या क्रमाने लावून पाहिले. बैल उठून पहिल्या जागी गेला. मग कालवड, गाय. शेवटी दोन्ही वाववाले: वासरूत वावनंतर अलिफ, वळूत वावनंतर लाम, कारण उर्दूत ळ लाही लामच धरतात. अलिफ पहिला. म्हणजे वासरू आधी! निजामाच्या शाळेत ती फुली पडली नसती.

ळ चं आपल्याकडेही धड नाहीच. तक्त्यावर तो ह च्या नंतर, पलीकडच्या कानडी मुळाक्षरांतही तसाच शेवटाला. युनिकोडच्या तक्त्यात मात्र ल ला खेटून बसवलाय. मला तो शेवटीच बरा वाटतो.

हाळी हंडरगुळीच्या गुरांच्या बाजारात वय कळायला गोऱ्ह्याचं आधी तोंड उघडून बघतात. आदत म्हणजे दुधाच्याच दातांचा, मग दोन दाती, चार दाती, सहा दाती, शेवटी सगळे दात आलेला तो जुळलेला. भाचीला हे पाठ आहे. अकारविल्ह्याने लावायला सांगितलं तर चार दाती दोन दातीच्या आधी येईल आणि जुळलेला दोघांच्या मधे घुसेल. असा भाव सांगणाऱ्या व्यापाऱ्याला तिथे कुणी दावणीपाशीसुद्धा उभं करणार नाही.