घुशी परवडल्या

आमच्या सोसायटीत आजवर पुष्कळ कमिट्या होऊन गेल्या. पाणी कमिटी झाली, गणपती कमिटी झाली. गच्चीवर पापड वाळत घालावेत की नाही यासाठी तर दोन झाल्या. त्यांतली दुसरी पहिलीची चौकशी करण्यासाठी होती. त्यामुळे गेल्या मे महिन्यात सर्वसाधारण सभेत ‘आपत्ती कमिटी’ नेमली गेली तेव्हा कोणी फारसे दचकले नाही. “आपत्ती म्हटल्यावर तुम्हीच आठवलात,” असे म्हणून चिटणिसांनी माझे नाव सुचवले. मी तो गौरव समजलो.

निमित्त मागच्या ओढ्याचे. हा ओढा इतका किरकोळ की त्याला स्वतःचे नाव नाही. उन्हाळ्यात त्यात पाण्यापेक्षा निर्माल्य जास्त. पण तो पुढे आंबिल ओढ्याला मिळतो, आणि २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केले ते पुण्याने पाहिले आहे. काठच्या सोसायट्यांच्या भिंती कोसळल्या, मोटारी वाहून गेल्या, माणसे गेली. आमच्याकडे त्या रात्री गुडघाभर पाणी चढले नि पहाटे उतरले. एवढ्यावर निभावले म्हणून आम्ही सत्यनारायण घातला आणि विषय संपवला.

तो पुन्हा काढला तीन नंबरच्या काकूंनी. काकू तळमजल्यावर एकट्या राहतात, गुडघे गेलेले. सभेत त्यांनी एवढेच विचारले, “परत पाणी आलं तर मला वर कोण नेणार?” पार्किंगच्या पट्ट्यांवरून तासभर भांडणारी सभा एकदम चिडीचूप. अशा वेळी कमिटी नेमतात.

पाच नंबरवाल्यांचे जावई इंजिनिअर. त्यांना पुढे घालून आम्ही वही घेऊन पाहणीला निघालो. जावईबापूंनी सुरुवातच भूकंपापासून केली. अर्धी इमारत नुसत्या खांबांवर उभी, खाली मोटारी, हे त्यांना पसंत पडेना. २६ जानेवारी २००१ ला भूकंप झाला भुजकडे, पण दोनशेहून अधिक किलोमीटर लांब अहमदाबादेत अशाच खांबांवरच्या इमारती बसल्या, असे ते म्हणाले. खालचा मजला मोकळा, वर भिंतींचे ओझे. जमीन हलली की सगळा ताण त्या खांबांच्या गुडघ्यात. उपाय काय, तर काही खांबांमध्ये भिंती घालायच्या. “म्हणजे कोणाची गाडी बाहेर?” आठ नंबर गरजले. खांब तपासून घ्यावेत, असे ठरवून आम्ही घाईने पुढे सरकलो.

मग घरोघर. पलंगावरच्या माळ्यावर काय काय ठेवले आहे ते पाहायचे होते. आमच्या माळ्यावर, बरोबर माझ्या उशीच्या वर, आजोबांचे तांब्याचे घंगाळ निघाले. १९६७ च्या डिसेंबरात कोयनेला भूकंप झाला तेव्हा पुण्यातल्या फडताळांतली भांडी वाजली होती, ही आठवण मी लोकांना रंगवून सांगत असे. घंगाळाचा विचार मात्र कधी केला नव्हता. “उशीची बाजू तुम्हीच निवडलीत,” सौ. म्हणाली.

विजेचे मीटर पोटरीच्या उंचीला होते. ते छातीच्या वर घ्यायचे ठरले. गच्चीच्या कठड्यावरच्या कुंड्या खाली आल्या. सगळे कसे सुरळीत चालले होते. तेवढ्यात काकू काठी टेकत मागच्या कुंपणापाशी आल्या आणि म्हणाल्या, “इथली भोकं कुठं गेली?”

बिल्डरने भिंतीच्या तळाशी आठ भोके ठेवली होती. समोरचा रस्ता आमच्यापेक्षा उंच. त्यावरचे सगळे पाणी आमच्या आवारातून त्या भोकांवाटे ओढ्यात जायचे. जुने प्रोसिडिंग बुक काढले. २०१२, ठराव क्रमांक ७: घुशींचा उपद्रव होत असल्याने भिंतीतील भोके सिमेंटने बुजवावीत. सूचक : अस्मादिक.

म्हणजे इतकी वर्षे ज्या गुडघाभर पाण्याबद्दल मी ओढ्याला शिव्या घालत होतो, ते ओढ्याचे नव्हतेच. ते आमचेच, मी कोंडलेले. जावईबापू सभ्य. “पाणी एका बाजूनं साचलं की अशी भिंत आडवी होते,” एवढेच ते म्हणाले. भिंतीपासून काकूंची न्हाणीघराची खिडकी चार पावलांवर.

“ओढा फुगला तर भोकांतून आत नाही का येणार?” मी शेवटचा बचाव केला.

“येईल. पण उतरताना जाईलही.”

काकू काही बोलल्या नाहीत. मग पायरीवर बसून त्यांनी पानशेतची गोष्ट काढली. १२ जुलै १९६१ ला त्या नारायण पेठेत होत्या, शाळकरी. पळताना आईने दाराला कुलूप घातले, दोनदा ओढून पाहिले. “परत आलो तेव्हा दार होतं, कुलूपही होतं. मातीच्या भिंती तेवढ्या विरघळल्या होत्या. आई किल्ली घेऊन उभी.”

भोके मी पदरच्या पैशांनी फोडून घेतली, लोखंडी जाळ्या बसवल्या. सोसायटीने खर्च देऊ केला होता, पण त्यासाठी ठराव करावा लागला असता आणि सूचक कोण, हा प्रश्न आला असता. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन पोरांनी काकूंना खुर्चीसकट वर न्यायची तालीम केली. काकूंना ती इतकी आवडली की त्यांनी आणखी एकदा करायला लावली.

जुलैत एका रात्री दोन वाजता पाऊस कोसळू लागला. झोप येईना. घंगाळ आता खाली होते, तरी येईना. शेवटी छत्री आणि टॉर्च घेऊन मागे गेलो. आठही जाळ्यांतून पाणी धो धो ओढ्यात पडत होते. न्हाणीघराच्या खिडकीत दिवा लागला.

“जातंय का रे?”

“जातंय, काकू.”

“मग झोप जा. आणि सातव्या जाळीत पिशवी अडकलीय बघ, ती काढ.”

मी वाकून हात घातला. पिशवीबरोबर एक घूसही निघाली.