काठाकाठानं लोणार

छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला ज्वालामुखी शोधत लांब जावं लागत नाही. तो त्याच्या लाव्ह्यावरच राहतो. वेरूळचं कैलास लेणं, देवगिरीचा ताशीव कडा, अजिंठ्याची लेणी, सगळं सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या बेसॉल्टातलं. मात्र ज्वालामुखीचं तोंड म्हणून बोट दाखवावं असं गोल विवर इथे नाही. दख्खनचा लाव्हा बहुतांशी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून वर आला आणि पसरला. त्यामुळे सिडकोतल्या एका घरात नववीतल्या मुलीने ‘क्रेटरच्या काठावरून चालायचंय’ असा धोसरा धरला, तेव्हा गाडी निघाली ती लोणारकडे. बरोबर आई, बाबा, सहावीतला भाऊ आणि आजी.

उजाडायच्या आत जालना मागे पडलं. सिंदखेडराजाला चहा झाला. जिजाऊंचं हे जन्मगाव, त्यामुळे दरवर्षी १२ जानेवारीला इथे पाय ठेवायला जागा नसते. लखुजीराव जाधवांच्या दगडी समाधीपाशी आजी रेंगाळल्या. पण ऊन चढायच्या आत कडा गाठायचा होता. संभाजीनगर ते लोणार हे अंतर जवळपास दीडशे किलोमीटर.

बुलढाणा जिल्ह्यातलं हे सरोवर दुरून दिसतच नाही. तुरीची शेतं, जरासा चढ, आणि मग एकदम पायाखालची जमीन संपते. खाली झाडीचं हिरवं कडं आणि मधोमध पाणी. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, खोली दीडशे मीटरच्या आतबाहेर. मुलाने लगेच हिशेब मांडला: परीघ पावणेसहा किलोमीटर, म्हणजे दीड तासाचं काम.

ते दीड तासाचं काम नव्हतं. आजींना दैत्यसूदन मंदिराच्या सावलीत बसवून चौघे निघाले आणि पहिल्याच घळीने वेग काढून घेतला. कडा वरून सलग दिसत असला तरी पावसाच्या पाण्याने तो जागोजागी कापला आहे. निसटत्या मुरमावरून बसत-सरकत उतरायचं, पुन्हा हात टेकत चढायचं. विलायती बाभळीचा काटा बुटाच्या तळातून आरपार घुसतो. सावली अशी नाहीच. तिसऱ्या चढावर मुलाने गणित मागे घेतलं.

पाणी प्यायला थांबले तिथे मुलीने विचारलं, “बाबा, हा ज्वालामुखीच ना?”

तिच्याआधी भलेभले तसंच समजत होते. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने लोणारची नोंद केली, त्यानंतर दीर्घकाळ अभ्यासकांचा कल ज्वालामुखीकडेच राहिला. चहूकडे लाव्ह्याचा खडक, मध्ये गोल खड्डा. दुसरं काय असणार? अमेरिकेतले नामवंत भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी तर १८९०च्या दशकात अ‍ॅरिझोनातलं विवरही जमिनीखालच्या वाफेच्या स्फोटाचं ठरवलं होतं. आज ते उल्कापाताचं जगप्रसिद्ध उदाहरण आहे.

उत्तराचा अर्धा भाग कड्यावरच पाहायला मिळतो. आसपासच्या मुलखात लाव्ह्याचे थर जवळपास आडवे असतात. इथे कड्यापाशी ते बाहेरच्या बाजूला कलले आहेत, आणि भोवतालच्या शेतांपेक्षा कडा वीसेक मीटर उंच उचलला गेला आहे. पण जमीन आतून फुगूनही असं होऊ शकतं. मुलीने शाळेतून आणलेला पट्टीचुंबक मातीत फिरवला तर त्याला काळ्या कणांची दाढी फुटली. “उल्का!” मुलगा ओरडला. बाबांनी त्याचा उत्साह मोडला: ते मॅग्नेटाइट, बेसॉल्टमध्ये असतंच, संभाजीनगरच्या ओढ्यातल्या वाळूतही सापडेल. कण झटकून मातीत परत टाकले. हे अभयारण्य आहे, इथला खडा उचलायचा नाही.

खरा पुरावा निघाला तो सूक्ष्मदर्शकाखाली. सरोवराच्या तळाशी घेतलेल्या बोअरमधल्या खडकांत मॅस्केलिनाइट सापडलं. जबर धक्क्याने फेल्डस्पार या खनिजाची जी काच होते, ती ही. ज्वालामुखी वितळवू शकतो, पण एवढा धक्का देऊ शकत नाही. फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी १९७३ मध्ये ‘सायन्स’मध्ये हे मांडलं आणि वाद मिटला. हेच मॅस्केलिनाइट पहिल्यांदा ओळखलं गेलं ते १८६५ मध्ये बिहारात शेरघाटीला पडलेल्या उल्केत, आणि ती उल्का मंगळावरची.

दुपारी काठाने वळसा घेतला तसा खालून वास आला, कुजकट आणि खारट. हे पाणी इतकं अल्कधर्मी की मासा सहसा जगत नाही. एके काळी उन्हाळ्यात ते आटलं की तळाचे क्षार काढले जात. प्रतीप्रमाणे त्यांना डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी नावं. ‘ऐन-ए-अकबरी’तही लोणारच्या क्षारांचा उल्लेख आहे. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचं कारण मीठप्रिय सूक्ष्मजीव हे शोधलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणार रामसर स्थळ झालं.

उन्हं कलताना चौघे धारेला पोचले. खाली खारं पाणी आणि इथे कड्यावर गोमुखातून बारमाही गोडं! चेहऱ्यावर ओंजळभर पाणी मारल्याशिवाय कुणी बोललं नाही.

परतीच्या वाटेवर वाद रंगला तो विवराच्या वयावरून. तापदीप्तीच्या पद्धतीने वय येतं सुमारे ५२ हजार वर्षं, आर्गॉनच्या पद्धतीने सुमारे पावणेसहा लाख. मुलगी दुसऱ्या आकड्याच्या बाजूने, तर बाबांचं म्हणणं, दोन्हीत दहापट फरक असताना घाई नको. मागच्या सीटवरून आजींनी तिसरा पक्ष मांडला: लोणासुराच्या बिळावरचं झाकण विष्णूने पायाच्या अंगठ्याने उडवलं, त्याला कसली पद्धत? दैत्यसूदन मंदिरातल्या माणसाने त्यांना सारं सविस्तर सांगितलं होतं, आणि पायरीवर बसल्या बसल्या त्यांना काटा एकही लागला नव्हता.