एकटी मेंढी आणू नये

रावेर तालुक्यात बोलणं निघतं ते केळीचं. मृगबाग कशी निसवली, कांदेबागेला थंडी किती बाधली, घडाला काय भाव मिळाला. मेंढ्या म्हटल्या की इथल्या माणसाला आठवतात ते साक्री-शिंदखेड्याकडून कळप घेऊन येणारे ठेलारी, आणि त्यांच्या मेंढ्या शेतात बसवून मिळणारं लेंडीखत. माझा कळप त्यांच्यापुढे अगदी लहान. दख्खनी मेंढ्यांचा आहे, आणि मी तो लोकरीसाठी राखला आहे. म्हाताऱ्या मेंढ्यांचे दात पडतात, चारा तोडवत नाही, मग त्यांच्या जागी नव्या आणाव्या लागतात. या धंद्यात याहून जपून करण्याचं काम मला दुसरं दिसत नाही.

बाजारात मेंढी उंचीवर आणि अंगावर विकली जाते, कारण घेणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मटण असतं. मी आधी तिच्या खांद्यावरची, मग बरगडीवरची लोकर दोन्ही हातांनी फाकवून कातडीपर्यंत बघतो. दाट आहे का, मध्ये राठ केस किती, काळा रंग मुळापर्यंत उतरलाय का. काळ्या लोकरीची घोंगडी रंगवावी लागत नाही. दख्खनी मेंढी वर्षाला देऊन देऊन अर्धा किलोच्या आसपास लोकर देते, तीही जाडीभरडी. कातरणीची मजुरीसुद्धा त्यातून सुटत नाही, म्हणून बरेच जण कातरलेली लोकर बांधावर टाकून देतात. जत भागातली माडग्याळ मेंढी उंच, देखणी, वजनाला भरणारी. ज्याला मटणाचा धंदा करायचा त्यानं ती जरूर पाळावी. पण तिच्या अंगावर घोंगडीपुरती लोकर नसते, आणि तिचं रक्त सगळ्या कळपांत पसरत गेलं तर दाट लोकरीची मेंढी शोधायला कुठं जायचं, ही काळजी मला खरोखर वाटते.

लोकर पसंत पडली की तोंड उघडून दात बघायचे. दोनदाती म्हणजे साधारण दीड वर्षाची, चारदाती दोनच्या पुढची. त्यापलीकडची मी घेत नाही. मग कास. दोन्ही सड चालू हवेत, आत गाठ लागता कामा नये, कारण कासेत गाठ असलेली मेंढी विते पण कोकरू वाढवत नाही. शेवटी डोळ्याची खालची पापणी ओढून बघायची. आतून लाल असली तर ठीक. पांढरी पडली असली तर जंतांनी तिचं रक्त प्यालेलं असतं. दिवस भरत आलेली मेंढीही नको. प्रवासाच्या धसक्यानं ती गाभडते.

आणि एकटी मेंढी कधीच आणू नये. आणायच्या तर निदान दोन-तीन, आणि शक्यतो एकाच कळपातल्या. हे मला एका ठेलारी बाबांनी सांगितलं होतं, आणि दर खेपेला ते खरं ठरलं. एकटी आणलेली मेंढी कुंपणापाशी उभी राहून ओरडत राहते. पुढ्यातल्या चाऱ्याला तोंड लावत नाही, रवंथ बंद पडतं. ओळखीची सोबतीण शेजारी असेल तर त्याच संध्याकाळी ती चरायला लागते. इंग्लंडात केंब्रिजजवळच्या बाब्राहम संस्थेत कीथ केंड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये दाखवून दिलं की मेंढी पन्नासेक मेंढ्यांचे चेहरे ओळखते आणि दोन वर्षांपर्यंत विसरत नाही. म्हणजे विकत आणलेली मेंढी किती चेहरे मागे ठेवून आलेली असते! तिला बावळट म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं.

आल्यावर महिनाभर त्यांचा वाडा वेगळा, पाण्याची घमेलीही वेगळी. पीपीआर, देवी, लाळ्या खुरकूत यांतलं काहीही वरून धडधाकट दिसणाऱ्या जनावराबरोबर घरात येऊ शकतं. म्हणून चारापाणी आधी जुन्या कळपाला करायचं, नव्यांकडे शेवटी जायचं, आणि तिकडून आलं की हातपाय धुवायचे. खुरं तासून बघायची, जंतनाशक पाजायचं, कुठली लस टोचलेली आहे ते विकणाऱ्याला विचारून घ्यायचं. आंत्रविषाराची लस तर पावसाळ्याआधी सगळ्यांनाच हवी, कारण पहिल्या पावसाच्या कोवळ्या गवतावर तुटून पडलेली धट्टीकट्टी मेंढीच या रोगानं आधी जाते.

केळीच्या मुलखात आणखी एक जपावं लागतं. बाग कापून झाली की पानं आणि खोडं मेंढ्यांना मिळतात, पण माळरानावरून आलेल्या मेंढीच्या पोटाला हा पाणीदार चारा नवा असतो. कोरड्या कडब्याबरोबर थोडा थोडा देत सवय लावावी लागते. बागेत मोरचूद किंवा तांब्याचं दुसरं औषध फवारलं असेल तर मी मेंढ्या तिकडे फिरकूच देत नाही. तांबं गाईम्हशीला जितकं सोसतं तितकं मेंढीला सोसत नाही. ते यकृतात साठत जातं आणि एके दिवशी अचानक लघवी लाल होऊन जनावर दगावतं. गाईचं खनिज मिश्रण मेंढीला घालू नये तेही यासाठीच. ज्वारी कापलेल्या रानात पाण्याविना सुकत चाललेले कोवळे फुटवे असतील, तर तेही विषारी, म्हणून तिथंही नेत नाही.

एकत्र करण्याची वेळ मी सकाळची धरतो, आणि जागा उघड्या रानातली. वाड्यात कोंडून भेट घडवली तर जुन्या मेंढ्या ढुशा मारतात आणि नव्यांना पळायला जागा नसते. रानात सगळ्यांची तोंडं गवतात असतात. आदल्या दोन-तीन दिवसांत मी जुन्यांपैकी एक-दोन शांत मेंढ्या नव्यांच्या वाड्यात सोडून ठेवतो. त्याच मग त्यांना कळपापर्यंत आणतात. मेंढा मात्र त्या दिवशी बांधलेला. सुरुवातीला नव्या मेंढ्या कडेकडेनं चरतात, पाण्यावर शेवटी येतात. पाण्यावर त्या मधोमध घुसू लागल्या की माझी राखण संपली.

पहिल्या कातरणीला त्यांची लोकर मी वेगळ्या पोत्यात भरतो. घोंगडी विणणारा त्यात हात घालून, पेळू ओढून बघतो. त्यानं मान डोलावली तर त्या मेंढीची मादी कोकरं कळपात राहतात, नाहीतर मोठी करून विकायची.